आकडा नसलेली कार्डं

रुग्णालयात तिला सगळे कार्डताई म्हणत. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेलं होतं, पण ते वाचायची तसदी बारा वर्षांत कुणी घेतली नव्हती, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. तळघरात, धुलाईघर आणि औषधांचं कोठार यांच्या मधोमध तिची खोली होती. खिडकी नाही. भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रं दिवसभर घुमत, त्यामुळे फोनवर ती नेहमी मोठ्यानेच बोले, आणि घरी गेल्यावरही तो आवाज खाली यायला तासभर लागे. "अगं, मी शेजारच्याच खुर्चीत बसलोय," असं नवरा रोज म्हणे.

वय सत्तेचाळीस. चष्मे दोन, एक लांबचा आणि एक पडद्यासाठीचा, आणि त्यातला एक नेहमी दुसरा लावून शोधावा लागे. काम एकच, रुग्णांची कार्डं सांभाळायची. ही कार्डं कागदाची नव्हती. माणूस पहिल्यांदा रुग्णालयात आला की त्याचं एक कार्ड संगणकात तयार होई. त्यात नाव, वय, जुने आजार, चालू औषधं, कुठलं औषध चालत नाही, घरी कुणाला कळवायचं, असं सगळं. पुढे तो दहा वर्षांनी आला तरी तेच कार्ड उघडायचं. अशी जवळजवळ दोन लाख कार्डं होती आणि त्यांच्या पोटात काय आहे याची जबाबदारी हिच्या गळ्यात.

आठ वर्षांपूर्वीपर्यंत ही माहिती जुन्या पद्धतीच्या तक्त्यांमध्ये असे. तक्त्याचे रकाने ठरलेले. नवा रकाना हवा असला की सगळं काम बंद ठेवून तक्ता दुरुस्त करायचा, आणि तेवढा वेळ वरच्या मजल्यांची बोलणी खायची. मग नव्या तऱ्हेचा डेटाबेस आला. त्यात रकाने नाहीतच. माणसाचं अख्खं कार्ड चादरीसारखं घडी घालून खोक्यात टाकायचं, हवं तेव्हा काढून उलगडायचं. खोकं आत डोकावत नाही. आज कार्डावर एक ओळ वाढवली, उद्या दुसरी काढली, तरी ते चकार शब्द काढत नाही. हा डेटाबेस घ्यावा म्हणून बैठकीत सगळ्यात जास्त भांडली ती कार्डताईच. "याचा मोठा गुण म्हणजे हा कुरकुर करत नाही," असं तिने तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

कुरकुर न करणाऱ्याबरोबर ज्यांनी संसार केलाय त्यांना विचारा. गप्प आहे म्हणजे सगळं आलबेल आहे असं मुळीच नसतं. कार्डाचा साचा बदलला तरी आधी टाकलेली कार्डं आपोआप बदलत नाहीत, जशी टाकली तशी पडून राहतात. ॲलर्जीचंच घ्या. सुरुवातीला ती कार्डावर एक साधी ओळ होती, काय चालत नाही ते लिहा म्हणून. पुढे डॉक्टर म्हणाले, एकेका माणसाला चार-चार गोष्टी चालत नसतात, आम्हाला यादी हवी, प्रत्येकीपुढे तारीख हवी. झाली यादी. पण मग प्रोग्रामला जुनी ओळही वाचता आली पाहिजे आणि नवी यादीही. असे आठ वर्षांत चौदा साचे झाले.

त्यावरचा उपाय या धंद्यात जुनाच आहे, कार्डताईने तो नुसता जिवापाड सांभाळला. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एक आकडा, हे कितव्या साच्यातलं ते सांगणारा. आणि एक जिना. पाचव्या साच्यातलं कार्ड उघडलं की प्रोग्राम त्याला एक पायरी चढवून सहाव्यात नेई, मग सातव्यात, असं करत चौदाव्यापर्यंत. प्रत्येक पायरी कधी बांधली आणि का, याची नोंद तिच्या निळ्या वहीत असे.

वहीची सवय वडिलांची. ते शिंपी होते. गिऱ्हाइकांची मापं एका जाड वहीत, प्रत्येक मापापुढे तारीख. माणूस सुटतो, वाळतो, पण जुनं माप त्यांनी कधी खोडलं नाही, खाली नवं लिहिलं. आणखी एक गोष्ट ते करत. बाहीचं माप घ्यायचं राहिलं असेल तर तिथे आडवी रेघ मारत. गिऱ्हाइकाला बाही नकोच असेल तर सरळ 'बाही नको' असं लिहीत. जागा कोरी म्हणून सोडत नसत. "कोरी जागा दिसली की जो तो आपल्या मनाचं वाचतो," असं त्यांचं म्हणणं. लहानपणी ती त्यांना मापं उतरवून देई, आणि रेघ विसरली की डोक्यात टपली बसे.

ती टपली ती मोठेपणी विसरली. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा विसरली ती एका मोठ्या डॉक्टरांच्या हट्टापायी. ॲलर्जीची यादी रिकामी असली की पडद्यावर नुसती पांढरी जागा दिसते, ते बरं दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तिने एका ओळीत काम भागवलं. यादीत काही असेल तर लाल पट्टी दाखवायची, रिकामी असेल तर 'ॲलर्जी: नाही'. पडदा देखणा झाला, डॉक्टर खूश झाले. आता कुणी विचारलंच नसलं तरी 'नाही', आणि माणसाला खरोखर काही होत नसलं तरी 'नाही'.

दुसरी चूक गेल्या महिन्यातली. जिना फार लांबला होता आणि सकाळच्या गर्दीत कार्डं उघडायला वेळ लागे. संगणक विभागाचे साहेब रोज येता-जाता विचारत, "ताई, त्या खालच्या पायऱ्या अजून लागतात का हो?" दोन वर्षांपूर्वी तिने मोठी मोहीम काढून सगळी जुनी कार्डं नवव्या साच्यात आणून ठेवली होती. मागे काही राहिलंय का, एवढंच बघायचं होतं. तिने डेटाबेसला विचारलं, कोपऱ्यातला आकडा नऊपेक्षा कमी आहे अशी कार्डं किती? उत्तर आलं, शून्य. तिचा स्वभाव असा, की दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं. पुन्हा शून्य. मग वहीत लिहिलं, 'जुनं एकही कार्ड उरलेलं नाही', खालच्या पायऱ्या काढून टाकल्या आणि शुक्रवारी दुपारी नवा प्रोग्राम सुरू केला. वर कार्डं झटकन उघडू लागली. साहेबांनी खाली चहा पाठवला.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. आयसीयूच्या मोठ्या सिस्टर होत्या.

"ताई, एक कार्ड बघता का? घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत. रविवारी सकाळी ताप आणि छातीत कफ म्हणून आले. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, आणि दहा मिनिटांत श्वास अडकला. तेव्हापासून माझ्याकडे आहेत."

"आता कसे आहेत?"

"नळी काल काढली. श्वास स्वतःचा घेतायत, पण कुणाला ओळखत नाहीत. ताई, कार्डावर ॲलर्जी नाही असं दिसतंय. पण गेल्या वर्षी यांच्या पायाला लागलं होतं, तेव्हा मी खाली ड्रेसिंगला होते. कार्ड नुसतं उघडून बघितलं होतं मी. त्यावर लाल पट्टी होती."

"दुसऱ्या कुणाची आठवत असेल," कार्डताई म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं.

"असेलही," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही बघा तरी."

तिने कार्ड उघडलं. कार्ड अगदी स्वच्छ होतं. कोपऱ्यात आकडा चौदा, ॲलर्जीची यादी रिकामी, पडद्यावर 'नाही'. खाली रविवारच्या डॉक्टरांची नोंद होती: 'पत्नीने ॲलर्जीबद्दल सांगितले नाही.' म्हणजे चूक त्या बाईची, विषय संपला. कार्डताईला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण सिस्टरांनी 'बघा तरी' म्हटलं होतं, आणि सांगितलेलं काम अर्धवट सोडणं तिला जमत नसे. रोज रात्री सगळ्या कार्डांची एक प्रत आपोआप काढली जाते आणि सात दिवस ठेवली जाते. त्यातली गुरुवारची प्रत तिने उघडली.

तिथलं कार्ड जुनं होतं. यादी नव्हती, ती पहिलीवहिली साधी ओळ होती. 'पेनिसिलिन. अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. पत्नीने सांगितले.' आणि कोपऱ्यात आकडाच नव्हता.

आकडा घालायचं तिला सुचलं होतं ते नवा डेटाबेस आल्यावर आठ महिन्यांनी. त्या आठ महिन्यांतली, आणि पुढे कधी पुन्हा लिहिली न गेलेली, कार्डं बिनआकड्याचीच पडून होती. पूर्वी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच लिहिलेलं असे, आकडा नसेल तर कार्ड पहिल्या साच्यातलं समजावं. ती पायरी आता काढलेली. तिने विचारलं होतं, नऊपेक्षा कमी आकडा कुणाचा? ज्याला आकडाच नाही त्याचा आकडा कमीही नसतो आणि जास्तही नसतो, तो मोजणीत येतच नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मोहिमेतूनही ती कार्डं अशीच निसटली होती. डेटाबेसने विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर दिलं. प्रश्नच तिचा चुकला होता, आणि तो तिने दोन दिवस लागोपाठ तसाच चुकीचा विचारला होता.

पुढचं तर आणखी वाईट. नव्या प्रोग्रामने बिनआकड्याचं कार्ड नवंच समजून उघडलं. त्यात यादी शोधली, सापडली नाही, म्हणून रिकामी धरली. रविवारी डॉक्टरांनी नोंद करून कार्ड बंद केलं तेव्हा प्रोग्रामने ते आपल्या साच्यात पुन्हा लिहून ठेवलं, चौदा आकडा घालून. ती जुनी ओळ त्याच्या ओळखीची नव्हती, ती गळून गेली. आता त्या कार्डाकडे बघून कुणालाही काही कळणार नव्हतं. ती ओळ असल्याचा पुरावा फक्त जुन्या प्रतींमध्ये होता, आणि त्या प्रती सात दिवसांनी पुसल्या जातात. तो नियमही तिचाच.

मिनिटभर ती तशीच बसून राहिली. मिनिटभर कसली, चांगली दहा मिनिटं. पलीकडे यंत्रं घुमत होती. सिस्टरांना 'तुमची आठवण चुकली' एवढंच सांगायचं होतं. त्यांनी ते अर्धं मानलंही होतं. पायरी परत बसवून टाकली असती तर पुढे कुणाला धोका नव्हता आणि मागचं कुणी खणून काढणार नव्हतं. मुलीचं कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं. नवऱ्याचं काम कधी असे, कधी नसे. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि आलं याची तिला लाज वाटली. मग ती उठून साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. ऐकताना त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही. पण पुढचे चार तास दोघं एका टेबलावर बसून राबले. नवा प्रोग्राम थांबवला, जुना परत आणला. बिनआकड्याची कार्डं होती दोन हजार तीनशे सहा. शुक्रवारपासून त्यातली चव्वेचाळीस उघडून बंद केली गेली होती. त्यातल्या नऊ कार्डांवर पूर्वी ॲलर्जीची ओळ होती. जुन्या प्रतीतून नऊच्या नऊ ओळी परत जागेवर बसवल्या आणि प्रत्येकाची चौकशी केली, कुणी वॉर्डात होतं, कुणी घरी गेलेलं. आठ जणांना चालत नाही असं काही दिलं गेलं नव्हतं. ती हुशारी कुणाचीच नव्हती, नुसतं नशीब.

"आता मी वर कळवतो," साहेब म्हणाले. "समिती बसेल. रीतसर चौकशी होईल. तुम्ही सगळं लिहून द्या, काही लपवू नका. पण आयसीयूकडे फिरकू नका, ताई. नातेवाइकांशी एक शब्द नाही."

"त्या बाईंना कोण सांगणार?"

"समिती सांगेल."

"कधी?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "महिना. दोन महिने. तुम्हाला माहितीये कसं चालतं ते."

"तोवर कार्डावर लिहिलेलं राहणार, पत्नीने सांगितले नाही म्हणून."

"डॉक्टरांची नोंद आपण बदलू शकत नाही."

"बदलायचं म्हणत नाही मी."

"ताई, तुम्ही वर जाऊन बोललात, तर मला तुम्हाला वाचवता येणार नाही. नोकरी तर जाईलच, पण पुढे कुठे कुणी कार्डाला हात लावू देणार नाही. मी धमकी देत नाहीये, सांगतोय."

"कळलं," ती म्हणाली. खोलीत येऊन तिने सगळं क्रमाने लिहून काढलं, सही केली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मग लिफ्टपाशी गेली आणि वरचं बटण दाबलं.

आयसीयूबाहेरच्या बाकावर एक बाई बसलेली होती. सत्तरीची असेल, किडकिडीत. पायाशी कपड्यांची पिशवी. मनगटावर पुरुषी घड्याळ, इतकं सैल की हात खाली सोडला असता तर गळून पडलं असतं. कार्डताई शेजारी बसली.

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही आजी. मी खाली काम करते, संगणकावर. पेशंटची कार्डं माझ्याकडे असतात."

"मग तुम्हाला कळलंच असेल," आजी म्हणाल्या. "माझ्यामुळे झालं हे."

कार्डताईला बोलायचं होतं, पण आजी थांबायला तयार नव्हत्या. तीन दिवस ऐकायला कुणी भेटलं नसावं.

"चाळीस वर्षं मी जिथेतिथे आधी तेवढंच सांगत आले. दातवाल्याला सांगितलं. चष्म्याच्या दुकानातसुद्धा सांगितलं एकदा, हे हसले होते मला. आणि रविवारी त्या नर्सने विचारलं, काही चालत नाही असं आहे का, तर मी म्हटलं, तुमच्याकडे असेल की लिहिलेलं. घाबरले होते हो मी, यांना केवढी धाप लागली होती. तिने बघितलं आणि म्हणाली, नाही म्हणून आहे. मला वाटलं, मशीन म्हणतंय म्हणजे गेली असेल आता ती ॲलर्जी. वयाबरोबर जातात म्हणे काही गोष्टी." त्यांनी घड्याळ मनगटावर वर सरकवलं. "मुलगा लांब असतो. काल फोनवर म्हणाला, आई, तुला एवढंही सांगता आलं नाही? बरोबर आहे त्याचं."

"बरोबर नाही," कार्डताई म्हणाली. "आजी, ऐका. यांच्या कार्डावर ते लिहिलेलं होतं. साडेसात वर्षांपूर्वीपासून होतं. शुक्रवारी मी एक बदल केला, तेव्हा ते दिसेनासं झालं. जुनी कार्डं उरली नाहीत असं मला वाटलं, आणि मी नीट तपासलं नव्हतं. चूक माझी आहे. नर्सची नाही, तुमची तर नाहीच नाही."

आजींनी तिच्याकडे बघितलं. त्यांना राग यावा अशी कार्डताईची जवळजवळ इच्छा होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्या काहीतरी जुळवत होत्या.

"म्हणजे मी सांगितलं होतं."

"हो."

"लिहिलंय तसं?"

"लिहिलंय. मी आज वाचलं. पेनिसिलिन, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. आणि पुढे लिहिलंय, पत्नीने सांगितले."

"असंच लिहिलंय? पत्नीने सांगितले?"

"शब्दाला शब्द."

आजींनी पदराने तोंड पुसलं. "यातून हे उठले नाहीत, तर तुम्हाला मी माफ करणार नाही," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. कार्डताईने मान हलवली.

मग आजींनी पिशवीतून फोन काढला, बोटाने चाचपत एक नंबर लावला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"मुलाला सांगा. मला सांगितलंत ते सगळं. मी सांगितलं होतं, हे आधी सांगा."

तिकडून आवाज आला, "हॅलो, आई? काय झालं? बाबा कसे आहेत?"

कार्डताईने आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाली, "बाबा तसेच आहेत. तुमच्या आईने पेनिसिलिनचं पूर्वीच सांगितलं होतं. रुग्णालयात ते लिहिलेलं होतं, आणि ते माझ्या हातून पुसलं गेलं." आवाज तळघरातला, चांगला मोठा होता. बाकांवरची माणसं वळून बघू लागली, पलीकडच्या टेबलावरचा, रविवारची ती नोंद करणारा डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. मोठ्या सिस्टर दार उघडून बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. एरवी या मजल्यावर कुणी खोकललं तरी त्या तोंडावर बोट ठेवत. त्या दिवशी त्यांनी मागचं दार तेवढं ओढून घेतलं.